चार बादल्यांचा समुद्र

मोहन्यात राहणाऱ्या माणसाला पाण्याचे कौतुक सांगू नये. आंबिवली स्टेशनवर उतरून आमच्या घराकडे निघालात की उल्हास नदी हाकेच्या अंतरावर. अशा गावात राहून मी घरात समुद्र आणायचे ठरवले, तेव्हा आमच्या सौ. एवढेच म्हणाल्या, "अहो, नदी पुरेना का?"

दोष खरे म्हणजे तारापोरवाला मत्स्यालयाचा. 1951 साली मरीन ड्राइव्हवर सुरू झालेले हे मत्स्यालय मी लहानपणी वडिलांचे बोट धरून पाहिले होते. पुढे 2015 साली ते नव्या रूपात उघडले, तेव्हा आमच्या मुलीला घेऊन गेलो. काचेपलीकडच्या नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांच्या विदूषक माशांपुढून ती हलेचना. परतीच्या कसारा गाडीत कल्याण येईपर्यंत एकच धोसरा, "बाबा, आपण पाळू या ना!" मी "बघू" म्हणालो. बापाच्या "बघू"ला मुदत नसते, पण तिने तीन वर्षे पाठपुरावा केला आणि फेब्रुवारी 2018 मध्ये साठ लिटरची काचेची टाकी आमच्या दिवाणखान्यात येऊन बसली. साठ लिटर म्हणजे न्हाणीघरातल्या चार बादल्या.

समुद्राचे पाणी मुंबईहून भरून आणता येईल, ही माझी पहिली कल्पना. ती लगेच सोडावी लागली. मुंबईच्या किनाऱ्याचे गढूळ पाणी अशा टाकीला चालत नाही. गाळून शुद्ध केलेल्या गोड्या पाण्यात खास मीठ कालवून समुद्र तयार करावा लागतो. लिटरला सुमारे 35 ग्रॅम, म्हणजे आमच्या टाकीला दोन किलोंच्या वर. स्वयंपाकघरातले मीठ मुळीच चालत नाही. सौ.नी डब्यावरची किंमत वाचली आणि त्या दिवशी आमटी अळणी झाली. तो योगायोग असावा.

चौथ्या दिवशी मी दोन मासे आणून सोडले. तिसऱ्या दिवशी त्यांतला एक तळाशी आडवा पडला. मुलगी शाळेत होती. मी काय करावे? धावत जाऊन तसाच दुसरा मासा आणला आणि ती यायच्या आत टाकीत सोडला. तिने दप्तरही खाली ठेवले नाही. टाकीत पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "बाबा, आपला कुठं गेला?"

पट्ट्यांतला फरक तिने ओळखला होता. "अगं, तोच तो," असे मी म्हणालो. सहावीतल्या मुलीशी मी धडधडीत खोटे बोललो, आणि पुढच्या दोन दिवसांत उरलेले दोन्ही मासे मरून ते खोटे उघडे पडले. ती रडली नाही. माझ्याशी बोलायची मात्र थांबली. रडली असती तर बरे झाले असते.

मी रागाने दुकानदाराकडे भांडायला गेलो. त्याने शांतपणे विचारले, "टाकी किती दिवसांची?" "आठवड्याची." तो हसला आणि एक तपासणी-संच माझ्या हाती ठेवला. घरी येऊन बाटलीतले थेंब पाण्यात टाकले, तर पाणी हिरवेगार झाले. अमोनिया! मासे माझ्या उतावीळपणाने मेले होते.

वाचकहो, हे गणित समजून घेण्यासारखे आहे. माशाच्या शरीरातून अमोनिया बाहेर पडतो आणि तो त्याला विषासारखा बाधतो. खऱ्या समुद्रात तो अफाट पाण्यात विरून जातो. चार बादल्यांत कुठे जाणार? दगडांवर आणि वाळूत एका जातीचे जिवाणू वाढतात, ते अमोनियाचे नायट्राइट करतात. दुसऱ्या जातीचे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात, ते बरेच निरुपद्रवी. ही मंडळी नांदायला लागायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकी रिकामी दिसली तरी तिच्यात घडी बसत असते. मी पाहुण्यांना घराचा पाया खणतानाच जेवायला बोलावले होते.

त्या रात्री मुलीला सगळे खरे सांगितले. तिने ऐकून घेतले आणि एक वही आणली. "रोज तपासायचं. जे येईल तेच लिहायचं," ती म्हणाली. त्या वहीत आजतागायत खोटा आकडा नाही.

सहा आठवडे आम्ही नुसते दगड पाळले. एप्रिलमध्ये दोन मासे आले; मोठ्याचे नाव ठेवले दादा, धाकट्याचे बाळू. डोंबिवलीच्या एका छांदिष्ट गृहस्थांनी आपल्या टाकीत वाढलेल्या मऊ, बटणासारख्या पॉलिपांचा तुकडा दिला. त्यांना हात लावताना हातमोजे घालायचे, कारण काहींच्या अंगी जबर विष असते, हेही त्यांनी बजावले. आमच्या टाकीतले दगड कृत्रिम आहेत. खऱ्या दगडी प्रवाळाला 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. त्याची खरेदी-विक्री हा गुन्हा ठरतो. हे कळल्यावर मला मौज वाटली ती अशी की, ज्या प्रवाळासाठी आपण दूरदेशीची चित्रे बघतो, ते आपल्या मालवणला आहे, विजयदुर्गाच्या पश्चिमेला भर समुद्रात आंग्रिया बँकेवर आहे, आणि मुंबईतही आहे. 2020 साली सागरी किनारा मार्गासाठी वरळी आणि हाजी अली येथल्या 18 प्रवाळ वसाहती कुलाब्याकडे हलवाव्या लागल्या होत्या!

मग मे महिना आला. पाण्याचा पारा बत्तिसावर गेला आणि पॉलिप मिटून बसले. अशा जिवांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते, ते उजेडात अन्न तयार करून यजमानाला देते. पाणी फार तापले की हे बिऱ्हाड मोडते आणि यजमान पांढरा पडून उपाशी राहतो. 1998 साली लक्षद्वीपच्या प्रवाळावर हेच संकट मोठ्या प्रमाणावर आले होते. पाणी थंड करणारे यंत्र आमच्या ऐपतीबाहेरचे. म्हणून पृष्ठभागावर पंखा लावला. पारा अठ्ठावीसपर्यंत उतरला. पण रोज दीड लिटर पाणी उडू लागले आणि ते मी खारे पाणी ओतून भरून काढू लागलो. दहा दिवसांत पॉलिप आणखी आक्रसले.

वही मुलीने वाचली. "बाबा, मीठ उडतं का?"

नाही उडत! पाण्याची वाफ होते, मीठ मागेच राहते. म्हणून रोजची तूट गोड्या पाण्याने भरायची असते. हे भूगोलात मिठागराच्या धड्यात मीही शिकलो होतो. आठ दिवसांत हळूहळू खारटपणा खाली आणला. एकदम आणला असता तर तोही धक्का सोसला नसता. जूनमध्ये पॉलिप उमलले.

खरी परीक्षा 2019 च्या जुलैत झाली. 26 तारखेच्या रात्री पावसाने कहर केला. 27 ला बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस हजारावर प्रवाशांसह पाण्यात अडकली, ते वाचकांना आठवत असेल. तीच उल्हास आमच्या जिन्याच्या पायऱ्या चढत होती. वीज गेली. तळमजल्यावरचे एक कुटुंब आमच्याकडे वर आले.

पंप बंद म्हणजे पाण्यात प्राणवायू मिसळणे बंद. मुलीने पेला घेतला आणि टाकीतले पाणी उचलून वरून टाकीतच ओतू लागली. दमली की मी. सौ. हलक्या आवाजात म्हणाल्या, "खाली लोकांच्या पिठाचे डबे तरंगताहेत आणि आपण माशांना वारा घालतोय." मला लाज वाटली. मी पेला खाली ठेवला आणि शेजाऱ्यांचे सामान वर आणायला गेलो. पहाटे परत आलो, तर मुलगी भिंतीला टेकून झोपली होती आणि पेला तळमजल्यावरच्या काकूंच्या हातात होता. "झोपू दे पोरीला," त्या म्हणाल्या, "माझं घर तर गेलंच आहे पाण्यात. हे एवढं तरी राहू दे."

तीस तासांनी वीज आली. दादा गेला होता, दोन कोळंब्याही. अर्धे पॉलिप कुजले. दगडांतले जिवाणूही थोडेफार मेले असावेत, कारण अमोनिया पुन्हा दिसू लागला. पण बाळू जिवंत होता. घरात साठवलेल्या शुद्ध पाण्यावर रोज पाच-पाच लिटर बदलत आम्ही त्याला तगवले. काकूंच्या घरातला चिखल काढायला मुलगी माझ्याबरोबर आली. टाकी बघायला काकू रोज वर येऊ लागल्या. दसऱ्यापर्यंत वहीतला अमोनियाचा आकडा शून्यावर आला, आणि काकूंच्या भिंतींना नवा रंग लागला.

पुढे एक लहानसा जोडीदार आणला. डोंबिवलीकर बघायला आले आणि म्हणाले, "तुमचे दादा म्हणजे बाई होत्या हो!" विदूषक मासे जन्मतः मादी नसतात. जोडीतला मोठा मासा मादी होतो; ती गेली की उरलेला नर मादी बनतो. आमचा बाळू यथावकाश बाळूबाई झाला. 2021 मध्ये दगडावर नारिंगी अंड्यांचा गालिचा दिसला आणि धाकटे नवरदेव परांनी वारा घालत रात्रंदिवस पहारा करू लागले. मंडपमच्या केंद्रीय संशोधन केंद्रात या माशांची पिल्ले वाढवतात. आमच्या हातून अजून एकही जगले नाही. सूक्ष्म जिवंत खाद्य वेळेवर तयार करणे जमत नाही. वहीत तेही लिहिले आहे.

मुलगी आता रत्नागिरीला, शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकते. वही माझ्याकडे आहे. दर रविवारी तिचा फोन येतो. आधी बाळूबाईची चौकशी, मग आईची, शेवटी माझी. गेल्या महिन्यात पारा मोजायचा एक दिवस माझ्याकडून राहिला. अंदाजाने आकडा लिहिणार होतो. पेन उचललेही होते. मग तो रकाना कोराच ठेवला.

दिवाळीला ती येईल, तेव्हा सर्वांत आधी वहीच उघडेल.