पाच फूट दोन इंच आणि मॉडेलिंग

ऑनलाइन कुर्ता घेताना फोटोखालची बारीक ओळ कधी वाचली आहे का? मॉडेलची उंची ५ फूट ८ इंच, घातलेला साइज एस. ती न वाचता ऑर्डर दिली की आपल्या घरच्या मुलींना तोच कुर्ता घोट्यापर्यंत येतो!

माझी भाची बारावीत आहे. उंची ५ फूट २ इंच, आणि मॉडेलिंग करायचं हे पक्कं. घरात सगळ्यांचा एकच प्रश्न, "उंची कुठे आहे?" मी इंजिनिअर माणूस, त्यामुळे हा नियम मुळात का आहे, ते आधी शोधलं.

कारण बरंचसं शिवणकामातलं आहे. फॅशन शोसाठी डिझायनर प्रत्येक कपड्याचा एकच नमुना शिवतात, एकाच मापाचा. आयत्या वेळी तो कुठल्याही मॉडेलला बसला पाहिजे, म्हणून सगळ्याच साधारण एका मापाच्या लागतात. रॅम्पवर मुलींना बहुधा ५ फूट ९ इंचांच्या पुढे आणि मुलांना ६ फुटांच्या आसपास उंची मागतात. अपवाद आहेत. केट मॉस साधारण ५ फूट ७ इंच, डेव्हन आओकी तर ५ फूट ५ इंच. पण अपवादाच्या भरवशावर करिअर आखू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

रॅम्प म्हणजे सगळं मॉडेलिंग नव्हे, हे मात्र आपल्याकडे कुणी सांगत नाही. दागिन्यांच्या जाहिरातीत चेहरा, मान आणि हात दिसतात. घड्याळ, नेलपॉलिश, मोबाइल यांना फक्त हात लागतो. नखं नीट, त्वचा एकसारखी आणि लाइटखाली बराच वेळ हात न हलवता धरायची सवय हवी. फिट मॉडेल हे तर मला सगळ्यात आवडलेलं काम. कपडा बाजारात येण्याआधी तो घालून काख कुठे ओढते, बसल्यावर कंबर काचते का, हे सांगायचं. आमच्या भाषेत टेस्टिंगच! इथे तुमची मापं सर्वसाधारण गिऱ्हाइकासारखी असणं हाच गुण, फक्त ती सारखी बदलता कामा नयेत. शिवाय आपल्या बडोद्याहून सुरत काही तासांवर. तिथल्या साड्यांच्या कॅटलॉगचं काम आहेच, आणि साडीला साइज नसतो.

आता खरी काळजीची गोष्ट. भाचीला एका 'कोऑर्डिनेटर'चा फोन आला. पोर्टफोलिओसाठी आधी चाळीस हजार भरा, काम नक्की. ताई एफडी मोडायला निघाल्या होत्या. मी थांबवलं. चांगली एजन्सी मिळालेल्या कामातून कमिशन घेते. काम देण्याआधी पैसे मागणाऱ्याचा धंदा पोर्टफोलिओ विकण्याचाच असतो. उंची वाढवणाऱ्या पावडरींचंही तेच. हाडांच्या टोकाची वाढीची जागा एकदा बंद झाली की कुठल्याच डब्याने उंची वाढत नाही, आणि मुलींमध्ये ती बहुधा सोळाच्या आसपास बंद झालेली असते.

एजन्सीला सुरुवातीला लागतात ते साधे फोटो: मेकअप नाही, फिल्टर नाही, अंगासरशी साधे कपडे, खिडकीचा उजेड. समोरून, बाजूने, पूर्ण उभे. मोबाइलवर निघतात. सोबत मापं लिहायची आणि उंची अनवाणी मोजायची. सकाळी मोजली तर संध्याकाळपेक्षा सुमारे एक सेंटीमीटर जास्तच भरते, तेवढी सूट घ्यायला हरकत नाही.