वाटसरूचा घास : शेगांवचीं दोन अन्नस्थानें

मोठ्या शहरांत कोठें काय चांगलें खावयास मिळतें, याची यादी तेथील रहिवाशांस तोंडपाठ असते. त्या यादींतील दुकानदार व गिऱ्हाईक बहुधा एकमेकांच्या ओळखीचे असतात. आज पदार्थ बिघडला तर उद्यां गिऱ्हाईक फिरकणार नाहीं, हा धाक दुकानदारास असतो. परंतु जेथें खाणारा परका असतो व पुन्हां येईल याची खात्री नसते, तेथें अन्नाचा चांगुलपणा कशावर टिकतो? बुलढाणा जिल्ह्यांतील शेगांव या लहानशा शहरांत या प्रश्नाचें उत्तर सांपडतें.

मुंबईहून नागपुरास जाणारा लोहमार्ग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत वऱ्हाडांतून गेला, तो मुख्यतः कापसासाठीं. मलकापूर, नांदुरा, जलंब व शेगांव हीं स्थानकें त्याच मार्गावर आहेत. जलंबाहून खामगांवच्या कापूस-बाजाराकडे जाणारा फांटा १८७० सालीं सुरू झाला. कापसाबरोबर माणसेंही हिंडूं लागलीं, आणि प्रवास म्हटला कीं भूक आलीच. गाडी थांबते ती चार-दोन मिनिटें. तेवढ्यांत खिडकींतून हातीं देतां येईल व ज्यास ताटवाटी लागणार नाहीं, असाच पदार्थ स्थानकावर टिकतो. कर्जतला घाट चढण्यासाठीं गाडीस जादा एंजिनें जोडीत. तेवढ्या विसाव्यांत दिवाडकरांच्या बटाटेवड्यानें नांव मिळविलें. शेगांवीं तो मान कचोरीस मिळाला.

ही कचोरी मूळची वऱ्हाडी नव्हे. पंजाबांतून आलेले तीरथराम शर्मा यांनीं १९५० च्या सुमारास ती येथें सुरू केली, असें सांगतात. तिची करणी साधी, पण धीराची आहे. पारीच्या मैद्यांत तेलाचें मोहन घालतात. त्यामुळें पीठ चिवट न होतां खुसखुशीत होतें. आंत डाळीचें तिखट, कोरडें सारण असतें, आणि तोंडीं लावावयास तळलेली हिरवी मिरची. खरी कसोटी तळण्याची. तेल कडकडीत असलें तर वरून रंग लवकर चढतो, पण आंत ओल राहते. मंद आंचेवर पारींतलें पाणी सावकाश निघून जातें. बटाट्याचें सारण ओलें, म्हणून वडा संध्याकाळपर्यंत मऊ पडतो. ही कचोरी मात्र गार झाली तरी गोडीनें खातां येते. आचाऱ्यानें घाई केली तर तीही गिऱ्हाइकास कळते, पण गाडी दोन स्थानकें पुढें गेल्यावर!

स्थानकाबाहेर पडून गांवांत गेलें कीं दुसरें अन्नस्थान लागतें, तें श्री गजानन महाराजांच्या मंदिराचें. महाराज शेगांवांत प्रथम दिसले ते २३ फेब्रुवारी १८७८ रोजीं. देविदास पातुरकरांच्या घराबाहेर टाकलेल्या उष्ट्या पत्रावळींवरील शितें ते वेंचून खात होते, असें चरित्रांत सांगितलें आहे. ८ सप्टेंबर १९१० रोजीं त्यांनीं समाधि घेतली. आज त्यांच्या मंदिरांत भाविकांस महाप्रसाद विनामूल्य मिळतो, आणि वाढण्याचें व स्वच्छतेचें पुष्कळसें काम पाळीपाळीनें येणारे सेवेकरी वेतन न घेतां करतात.

एके ठिकाणीं विक्री आहे, दुसऱ्या ठिकाणीं दान आहे; तरी दोहोंत एक साम्य आहे. गाडींतला प्रवासी तक्रार करण्यास परत येऊं शकत नाहीं, आणि फुकट जेवणारा तक्रार करण्यास संकोचतो. म्हणजे घास चांगला असणें हें दोन्ही ठिकाणीं सर्वस्वीं देणाऱ्याच्या मनावर अवलंबून आहे. आज पुण्या-नागपुरांतही ‘शेगाव कचोरी’ अशा पाट्या दिसतात. पाटी कोणासही रंगवितां येते. परंतु तें नांव ज्यामुळें मोलाचें झालें, ती मंद आंच प्रत्येक कढईखालीं नव्यानें सांभाळावी लागते.

कोणत्याही शहरांतील उपाहारगृह पारखावयाचें असेल, तर तेथें नेहमींच्या गिऱ्हाइकास काय मिळतें हें पाहूं नये. वाटसरूस काय मिळतें तें पाहावें. आणि खाणाऱ्यानेंही पानांत कांहीं टाकण्यापूर्वीं त्या पत्रावळीवरील शितांची आठवण ठेवावी.