ॲव्हरेजचं गणित – ९ : उतारावर न्यूट्रल

वारज्याला राहणाऱ्या एका वाचकांचं पत्र आलंय. नोकरी शिरवळला, रोजचं जाणं-येणं स्वतःच्या मोटारीने. ते लिहितात, 'संध्याकाळी परतताना नवा कात्रज बोगदा संपला की मी गाडी न्यूट्रलला टाकतो. नवले पुलापर्यंत ॲक्सिलरेटरला पाय लावावा लागत नाही. वडील चेतक स्कूटरवरून कात्रजचा जुना घाट असाच उतरायचे. आयडलिंगच्या पेट्रोलचा हिशोब तुम्ही इतका बारकाईने मांडलात, मग या बचतीबद्दल गप्प का?'

या पत्राला चार ओळींत उत्तर देता येण्यासारखं नाही. आजचा अख्खा लेख त्याच्यावरच.

आधी वडिलांबद्दल. त्यांचं बरोबर होतं. आकुर्डीहून बाहेर पडलेली त्या काळातली चेतक टू-स्ट्रोक होती. तिच्या इंजिनाला वंगणाची वेगळी सोय नव्हती. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं, लिटरला साधारण वीस मिलिलिटर, आणि त्या मिश्रणाबरोबर जे ऑइल आत जाईल तेवढंच पिस्टनच्या वाट्याला यायचं. आता अशी स्कूटर गिअरमध्ये ठेवून, मूठ पूर्ण सोडून लांबलचक उतार उतरायला लागलात तर काय होईल? चाकं इंजिनाला जोरात फिरवणार, पण मूठ बंद असल्यामुळे पेट्रोल जेमतेम, म्हणजे ऑइलही जेमतेम. पिस्टन वेगात आणि कोरडा. 'स्कूटर जाम झाली' हे वाक्य त्या काळात घाटाच्या पायथ्याशी बरंच ऐकू यायचं, त्यामागे हे कारण असायचं. स्वीडनच्या साब कंपनीने तर आपल्या टू-स्ट्रोक मोटारींत यासाठी फ्रीव्हीलच बसवलं होतं. ॲक्सिलरेटर सोडला की इंजिन चाकांपासून आपोआप सुटायचं.

दुसरी गोष्ट कार्बोरेटरची. त्याला उतार-चढाव कळत नाही. हवा ओढली गेली की तो पेट्रोल सोडणार. मूठ बंद असली तरी आयडलचा जेट उघडाच असतो आणि इंजिन जितकं जोरात फिरेल तितकं त्यातून पेट्रोल खेचलं जातं. गिअरमध्ये असताना किल्ली बंद केली तरी हे थांबत नाही. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये साठतं आणि किल्ली पुन्हा चालू केली की फाडकन बार निघतो. म्हणून क्लच दाबून किंवा न्यूट्रलमध्ये इंजिन संथ ठेवून उतरणं, यात त्या यंत्रापुरतं शहाणपण होतं.

आमच्या वाचकांची मोटार मात्र फ्युएल इंजेक्शनची आहे, आणि तिथे सगळा हिशोब उलटतो. इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल किती सोडायचं हे ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठरवतो. थ्रॉटल पूर्ण बंद आहे आणि तरीही इंजिनाचे आरपीएम आयडलपेक्षा बरेच वर आहेत, असं दिसलं की तो समजतो : चाकंच इंजिनाला फिरवताहेत, इथे इंधनाची गरज नाही. आणि तो इंजेक्टर बंद करतो. पेट्रोल कमी होतं असं नाही, बंद होतं. इंजिन फिरत राहतं, त्यावर चालणारा अल्टरनेटर वीज देत राहतो, आणि खर्च शून्य. आरपीएम उतरून हजार-बाराशेच्या आसपास आले की इंजेक्टर पुन्हा उघडतात. गाडी हळू होत असताना तळपायाशी एक हलकासा धक्का जाणवतो, तो हाच क्षण. सीएनजीच्या आजच्या गाड्यांतही बहुतेक असंच चालतं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि आपल्या दुचाक्यांमधूनही कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला, त्यामुळे नव्या मोटारसायकलीलाही हेच लागू.

न्यूट्रलला टाकलेल्या गाडीला मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी पेट्रोल लागतंच. पडताळून बघायचं असेल तर सासवडहून येताना दिवे घाट उतरा. ज्यांच्या मीटरवर त्या क्षणाचं ॲव्हरेज दिसतं त्यांनी शेजारी बसलेल्याला त्यावर लक्ष ठेवायला सांगावं. चालवणाऱ्याने रस्त्याकडेच बघायचं. तिसऱ्या गिअरमध्ये पाय सोडून उतरताना तो आकडा वरच्या टोकाला जाऊन चिकटतो.

बोरघाटाचं उदाहरण घेऊ. खंडाळ्यापासून खोपोलीपर्यंत उंचीत सुमारे पाचशे मीटरचा फरक आहे. १.२ लिटरचं साधं पेट्रोल इंजिन आयडलवर तासाला अर्धा ते पाऊण लिटर पेट्रोल खातं, एसी चालू असेल तर जास्त. उतरायला पंधरा मिनिटं धरली तर न्यूट्रलवाल्याचे दीडशे मिलिलिटर गेले. गिअरवाल्याचे जवळजवळ काहीच नाहीत. हा झाला पैशांचा हिशोब, पण माझा जीव अडकलाय तो दुसऱ्या हिशोबात. एक टन वजनाची मोटार तेवढं खाली उतरते तेव्हा जी ऊर्जा मोकळी होते, ती सोळा लिटर पाणी थेट उकळीला आणण्याइतकी असते. पंचवीस टनांच्या ट्रकला तेच पाणी चारशे लिटर. काही भाग हवेच्या आणि टायरच्या विरोधात जातो, काही इंजिन घेतं. इंजिनच सोडून दिलंत तर उरलेलं सगळं ब्रेकच्या अंगावर. लायनर तापतात, धरेनासे होतात, पेडल दाबूनही गाडी थांबत नाही.

आणि इंजिन साफ बंद केलं तर? मोटारीच्या ब्रेकला मदत करणारा बूस्टर इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालतो. दोन-तीनदा पेडल दाबलं की साठलेला व्हॅक्यूम संपतो, पेडल कडक होतं. पॉवर स्टिअरिंग जड होतं. ट्रकच्या एअर ब्रेकला हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनावरच फिरतो. तो थांबला की टाकीत असेल तेवढीच हवा.

आता पत्रलेखक ज्या उतारावर न्यूट्रल टाकतात तो बघू. बोगदा, दरी पूल, आंबेगाव, नऱ्हे आणि नवले पूल. घाटासारखी वळणं नाहीत, उतार डोळ्यांना सौम्य वाटतो, पण तो संपतच नाही. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री इथे साताऱ्याकडून आलेल्या एका ट्रकने चाळीसहून अधिक वाहनं चिरडत नेली. चालकाने उतारावर इंजिन बंद केलं होतं, असं प्राथमिक तपासात पुढे आलं. डिझेल वाचवण्यासाठी ट्रक असा सोडायची सवय या रस्त्यावर जुनी आहे, आणि मला सगळ्यात जास्त तळमळ याची वाटते की ट्रकच्या बाबतीत ती बचत कधी नव्हतीच. डिझेल इंजिनाला कार्बोरेटर नसतो. अगदी जुन्या पंपाच्या ट्रकमध्येसुद्धा, उतारावर पाय सोडला आणि इंजिन आयडलपेक्षा वर फिरत असलं, की गव्हर्नर डिझेल बंद करतो. टू-स्ट्रोकचं शहाणपण ज्या यंत्राला कधीच लागू नव्हतं त्याच्यावर ते चिकटलं आणि माणसं मेली. 'ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा' हे जुन्या चालकांचं सांगणं जिवासाठी होतं. त्यात डिझेलही वाचत होतं.

एक आक्षेप खरा आहे, तो टाळत नाही. अगदी हलक्या उतारावर गिअरमधली गाडी मंदावते आणि मध्येच ॲक्सिलरेटर द्यावा लागतो, न्यूट्रलमधली मात्र घरंगळत राहते. तिथे न्यूट्रलला कागदावर थोडा फायदा निघू शकतो. पण मी तो घेत नाही, टॉप गिअर आणि हलका पाय एवढंच करतो. पुण्याच्या रस्त्यावर गाडी ताब्यात नसण्याची किंमत चमचाभर पेट्रोलपेक्षा फार मोठी आहे.

या इंजेक्टर-बंदीचा खरा लाभ घाटात नव्हे, शहरात रोज मिळतो. टिळक रस्त्यावर पुढच्या चौकातला सिग्नल लाल दिसला की तिथूनच पाय सोडा, गाडी गिअरमध्येच राहू द्या, क्लच अगदी शेवटी दाबा. क्लच लवकर दाबणाऱ्याला हे फुकटचे मीटर मिळत नाहीत.

दुचाकीवाल्यांनी एक गोष्ट गॅरेजमध्ये आवर्जून बघून घ्यावी. ॲक्सिलरेटरच्या केबलला थोडा प्ले हवा. केबल ताणून बसवली असेल तर मूठ सोडूनही थ्रॉटल किंचित उघडा राहतो, सेन्सरला तो बंद दिसत नाही आणि इंजेक्टर बंद होत नाहीत. लक्षण सोपं आहे : मूठ सोडल्यावर इंजिन गाडीला मागे धरत नाही, आणि आयडल चढलेलं असतं. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा. वळवताना आरपीएम वाढले तर केबल चुकीची बसली आहे. मोटारीत हेच दुखणं थ्रॉटल बॉडीत काजळी साठल्याने येतं. ती साफ करून घ्यायला फार वेळ लागत नाही.

टायरच्या हवेबद्दल आज लिहायचं कबूल केलं होतं, ते पुढच्या आठवड्यात. तोवर ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा स्टिकर वाचून ठेवा. त्यावर पुढच्या आणि मागच्या टायरचे आकडे वेगळे असतील तर त्याचंही कारण सांगेन.