कॅन्सर : वेळेवर तपासणी आणि आजचे उपचार

‘कॅन्सर म्हणजे आयुष्य कॅन्सल’ अशी कोटी आपल्याकडे अजूनही ऐकू येते. या भीतीपोटीच कित्येक माणसे तपासणी टाळतात. वास्तविक आपल्याकडे जास्त आढळणारे तोंडाचा, स्तनाचा व गर्भाशयमुखाचा हे तिन्ही कॅन्सर असे आहेत की, ते शोधायला मोठी यंत्रे लागतातच असे नाही.

शरीरातील पेशी एका मर्यादेत वाढतात. ती मर्यादा सुटली की गाठ किंवा व्रण होतो आणि पुढे त्या पेशी रक्तावाटे इतर अवयवांत जाऊन रुजतात. रुजण्यापूर्वी रोग सापडला तर तो बहुधा बरा होतो.

तोंडाच्या कॅन्सरचे मुख्य कारण तंबाखू. गुटख्यावर राज्यात २०१२ साली बंदी आली; पण मिश्री घरच्या तव्यावर भाजली जाते आणि तिला कोणी व्यसनच मानीत नाही! तोंडात पांढरा वा लाल चट्टा दिसला, दोन-तीन आठवड्यांत व्रण भरला नाही, तर लगेच दाखवावे.

गर्भाशयमुखाचा कॅन्सर एच.पी.व्ही. या विषाणूमुळे होतो व त्याला बहुधा दहा-पंधरा वर्षे लागतात. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय व बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय यांनी १९९९ पासून उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातील ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास केला. एका गटाची या विषाणूसाठी एकदाच चाचणी झाली. या गटात कॅन्सर १२७ जणींना आढळला, चाचणी न झालेल्या गटात ११८ जणींना. म्हणजे आकडा जवळपास तोच. परंतु रोग पुढे गेलेल्या पहिल्या गटात ३९, तर दुसऱ्यात ८२ होत्या. मृत्यू ३४ आणि ६४. एका चाचणीने एवढा फरक पडला! शनिवार पेठेतील सुशिक्षित भगिनींपैकी तरी किती जणींनी ती करून घेतली असेल? मुलींसाठी प्रतिबंधक लसही आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची देशी लस २०२३ साली बाजारात आली.

उपचार मुख्यतः तीन : शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि औषधे. पूर्वी स्तनाच्या कॅन्सरात सरसकट पूर्ण स्तन काढीत. आता गाठ लहान असेल तर तेवढीच काढून किरण देतात. काहींना पुढे पाच-दहा वर्षे हार्मोनविरोधी गोळी घ्यावी लागते. किरणोपचार अनेक आठवडे चालतात. बरे वाटते म्हणून ते मध्येच सोडू नयेत, कारण खंड पडला की परिणाम कमी होतो. आय.आय.टी. मुंबई व टाटा स्मारक यांनी विकसित केलेल्या, रुग्णाच्याच रक्तपेशी बदलून देण्याच्या उपचारास २०२३ मध्ये मान्यता मिळाली. मात्र तो काही प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरसाठीच आहे.

सुई लावली की कॅन्सर पसरतो, हा समज फार खोलवर रुजला आहे. गाठीचा तुकडा तपासल्याशिवाय कोणता उपचार द्यायचा हे डॉक्टरांना ठरवताच येत नाही. खर्चासाठी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरच्या अनेक उपचारांचा समावेश आहे. योजनेतील रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ असतो, त्याच्याकडे रेशनकार्ड घेऊन प्रथम चौकशी करावी.