ओसाका ते रांजणगाव

पुणे-अहिल्यानगर रस्त्यावरील रांजणगाव हे महागणपतीचे स्थान म्हणून महाराष्ट्राला पूर्वापार परिचित आहे. गेल्या तीन दशकांत तेथे औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि शिरूर तालुक्याच्या अर्थव्यवहाराचे स्वरूपच पालटले. अमेरिकी व्हर्लपूल, दक्षिण कोरियाची एलजी आणि चीनची हायर या कंपन्या येथे घरगुती विद्युत उपकरणे तयार करतात. या ठळक नावांत एकही जपानी नाव नाही. ते का नाही, याचे उत्तर ज्या कंपनीच्या चरित्रात सापडते, ती आज पॅनासोनिक या नावाने ओळखली जाते.

१९१८ मध्ये ओसाका येथे कोनोसुके मात्सुशिता या तेवीस वर्षांच्या तरुणाने पत्नी आणि मेहुणा तोशियो इउए यांच्या साहाय्याने विजेच्या जोडण्या बनविण्याचा लहानसा धंदा सुरू केला. मात्सुशितांचे शालेय शिक्षण नवव्या वर्षीच सुटले होते. १९२९ च्या मंदीत माल पडून राहिला, तेव्हा त्यांनी उत्पादन निम्म्यावर आणले. परंतु एकाही कामगारास कमी केले नाही व कोणाचे वेतनही कापले नाही. अर्धा दिवस कारखाना आणि उरलेला वेळ साठलेल्या मालाची विक्री, अशी विभागणी करून त्यांनी संकट निभावले. १९३२ मध्ये त्यांनी आपले ध्येय मांडले ते असे, की उपयोगी वस्तू नळाच्या पाण्याइतक्या मुबलक आणि स्वस्त झाल्या पाहिजेत.

मेहुणे इउए यांनी १९४७ मध्ये स्वतंत्रपणे सान्यो हा उद्योग स्थापन केला. पुढे दोन्ही घराणी जगभर पसरली. २००८ मध्ये मात्सुशिता कंपनीने पॅनासोनिक हे नाव धारण केले आणि पुढच्याच वर्षी सान्योवर ताबा मिळविला. परंतु मार्च २०१२ व मार्च २०१३ अखेरच्या दोन्ही वर्षांत पॅनासोनिकला प्रत्येकी ७५० अब्ज येनहून अधिक तोटा झाला. त्याच सुमारास सान्योचा धुलाईयंत्रांचा व घरगुती शीतकपाटांचा व्यवसाय हायरकडे गेला. हायरने २००७ मध्येच रांजणगाव येथील अँकर देवूचा कारखाना विकत घेतलेला होता. ओसाकाच्या मेहुण्यांपैकी एकाचा वारसा अशा रीतीने शिरूरच्या शेजाऱ्याकडे पोहोचला.

याची कारणे गूढ नाहीत. उपकरणांचे तंत्र एकदा सर्वत्र सारखे झाले, की स्पर्धा किमतीची उरते. आणि तेथे कोरिया व चीन यांचे प्रचंड प्रमाणावरील उत्पादन वरचढ ठरले. महाग झालेल्या येनने जपानी निर्यातीची कोंडी केली. कामगार न काढण्याची परंपरा सांगणाऱ्या या कंपनीलाही २००१ च्या सुमारास हजारोंना मुदतपूर्व निवृत्ती द्यावी लागली. पुढे तिने आपले बळ मोटारींच्या विद्युतघटांसारख्या कठीण तंत्राकडे वळविले.

शिरूर आणि दौंड यांच्या दृष्टीने यातील मर्म महत्त्वाचे आहे. नाममुद्रा विकत घेता येते, कारखान्याचा धनी एका करारानिशी बदलतो. शेतकऱ्याने एकदा दिलेली जमीन मात्र पुन्हा शेत होत नाही. २०२२ मध्ये केंद्र शासनाने रांजणगाव येथे सुमारे २९७ एकरांवर ४९२ कोटी रुपयांच्या इलेक्ट्रॉनिक उत्पादन समूहास मान्यता दिली. कोणती मोठी कंपनी आली, यावरच अशा योजनेचे यश मोजणे अपुरे होय. मोटरी, संपीडक, मंडलफलक असे सुटे भाग परिसरातील लहान कारखानदार बनवू लागले का? कंत्राटावर जोडणी करणारा तरुण पाच वर्षांनी कुशल कारागीर झाला का? रेल्वेचे मोठे जंक्शन असलेले दौंड आणि त्याच तालुक्यातील कुरकुंभची रासायनिक वसाहत यांना या वाढीत कोणते स्थान मिळाले? खरा हिशेब या प्रश्नांचा आहे. धनी बदलला तरी हातातील कसब गावातच राहते.

मात्सुशितांचे ध्येय पाण्याच्या उपमेने सांगितले गेले. घोड आणि भीमेच्या खोऱ्यातील पर्जन्यछायेच्या गावांना पाणी मुबलक व स्वस्त असते, ही कल्पनाच परकी आहे. येथील माणूस पाणी अडवून, जिरवून, पुरवून वापरतो. बाहेरून येणाऱ्या भांडवलाविषयीही हीच वृत्ती ठेवावयास हवी. वाहून जाणाऱ्या प्रवाहाकडे केवळ पाहत राहणे या तालुक्यांना परवडणारे नाही.