१७व्या वर्षी नाटक कंपनीचा मालक, ३१व्या वर्षी एक्झिट : केशवराव भोसले कोण होते?

८ ऑगस्ट २०२४. रात्री कोल्हापुरात एका नाट्यगृहाला आग लागली. बघता बघता रंगमंच आणि प्रेक्षागृह जळून खाक झालं. दुसऱ्या दिवशी अनेक कलाकार तिथे आले आणि अक्षरशः रडले. कारण ते होतं संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह. आणि तो दुसरा दिवस, ९ ऑगस्ट, म्हणजे केशवरावांची जयंती.

बातमी तेव्हा सगळ्यांनी शेअर केली. पण ज्यांच्या नावाचं ते नाट्यगृह होतं, ते केशवराव भोसले नेमके कोण, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे?

आधी हे समजून घेऊ : टेनर म्हणजे काय?

युरोपातल्या ऑपेरामध्ये पुरुषांच्या आवाजाचे ढोबळमानाने तीन प्रकार मानतात. खर्जातला बास, मधला बॅरिटोन आणि सर्वांत उंच टेनर. ऑपेराचा नायक बहुतेक वेळा टेनर असतो. समोर मोठा वाद्यवृंद, हातात माइक नाही आणि तरी आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवायचा, हे त्याचं काम.

हे जमतं कसं? वाद्यवृंदाचा जोर तुलनेने खालच्या कंपनसंख्यांवर असतो. तयार गायक घसा आणि तोंडाची पोकळी अशी वापरतो की ३,००० हर्ट्झच्या आसपास त्याच्या आवाजाला वेगळीच धार येते. वाद्यं तिथे कमी पडतात आणि आवाज त्यांच्यावरून निघून जातो. म्हणजे हा नुसता ओरडण्याचा मामला नाही, ही तालीम आहे.

आपल्याकडे ऑपेरा नव्हता, पण संगीत नाटक होतं. तिथेही माइक नव्हता. आज परभणी असो की पुणे, माइक बंद पडला की कार्यक्रम थांबतो. तेव्हाच्या नटाला मात्र ऑर्गन आणि तबल्याच्या साथीने चार-पाच तास गावं लागायचं. वर अभिनयही करायचा. त्यामुळे उंच पट्टीत, खणखणीत गाणाऱ्या मुलाला नाटक कंपन्यांत मोठी मागणी असायची.

पोरवयातली 'शारदा'

केशवरावांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० चा, कोल्हापूरचा. घरची गरिबी. वडील लवकर गेले आणि शाळेच्या वयातच हे पोर स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत दाखल झालं.

त्या काळच्या नामवंत मराठी कंपन्यांत स्त्रिया काम करत नसत, त्यांच्या भूमिका पुरुष करायचे. गोविंद बल्लाळ देवल यांचं 'संगीत शारदा' १८९९ मध्ये रंगभूमीवर आलं होतं. पैशाच्या लोभापायी बाप आपल्या लहान मुलीचं लग्न एका म्हाताऱ्याशी ठरवतो, ही त्याची गोष्ट. छोट्या केशवने ही शारदा उभी केली आणि त्याचं नाव झालं. स्वतः पोरवयातला एक मुलगा पोरवयातल्या मुलीचं दुःख गात होता.

पण कंपनीतल्या प्रत्येक मुलावर एक टांगती तलवार असायची. वयात येताना आवाज फुटला की काल टाळ्या घेणारा मुलगा उद्या बिनकामाचा ठरू शकायचा. आजही रिअॅलिटी शोमधून गाजलेले किती बालगायक पुढे टिकतात, हे आपण पाहतोच. केशवराव टिकले. मोठेपणीही त्यांचा आवाज उंच आणि पल्लेदार राहिला.

थेट स्वतःची कंपनी

१ जानेवारी १९०८ रोजी हुबळीत त्यांनी 'ललितकलादर्श' ही स्वतःची कंपनी सुरू केली. वय १७! आज या वयात आपण बारावीचा फॉर्म भरत असतो.

नाटक कंपनी चालवणं म्हणजे नुसतं गाणं नाही. नट, वादक, पडदे, कपडे, भटारखाना, गावोगावचा प्रवास, सगळं मालकाच्या डोक्यावर. तरीही त्यांनी शिकणं सोडलं नाही. ग्वाल्हेर घराण्याच्या रामकृष्णबुवा वझ्यांकडून त्यांनी तालीम घेतली. वीर वामनराव जोशींच्या 'राक्षसी महत्त्वाकांक्षा'मधली त्यांची मृणालिनी गाजली. मामा वरेरकरांचं हुंड्यावरचं 'हाच मुलाचा बाप' त्यांच्याच कंपनीने रंगभूमीवर आणलं.

८ जुलै १९२१ : दोन तारे, एक रंगमंच

तेव्हा बालगंधर्व आणि केशवराव यांच्या चाहत्यांचे दोन तट होते. आजच्या भाषेत फॅन वॉर म्हणा ना! अशा वेळी टिळक स्वराज्य फंडासाठी दोघांनी मुंबईत 'मानापमान'चा संयुक्त प्रयोग केला. बालगंधर्व भामिनी, केशवराव धैर्यधर. सर्वांत महाग तिकीट १०० रुपयांचं होतं असं सांगतात, आणि तरी लोक लोटले.

हा प्रयोग दोन कंपन्यांच्या मैत्रीची सुरुवात ठरू शकला असता. पण तीन महिनेही उलटले नाहीत. ४ ऑक्टोबर १९२१ रोजी विषमज्वराने, म्हणजे टायफॉइडने, केशवराव गेले. वय फक्त ३१. योगायोग असा की जगप्रसिद्ध इटालियन टेनर एन्रिको कारुसो त्याच वर्षी २ ऑगस्टला, ४८व्या वर्षी गेला होता. टायफॉइडवर गुणकारी औषध यायला तेव्हा अजून बरीच वर्षं होती.

मागे काय उरलं?

'ललितकलादर्श' बंद पडली नाही. बापूराव पेंढारकरांनी आणि पुढे त्यांचे चिरंजीव भालचंद्र पेंढारकर यांनी ती चालवली. राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभारलेल्या पॅलेस थिएटरला पुढे केशवरावांचं नाव मिळालं. आगीत जळालं ते हेच.

भिंती पुन्हा बांधता येतात, नवे पडदेही येतात. केशवरावांची प्रत्यक्ष मैफल ऐकलेलं मात्र आज कुणी उरलेलं नाही. म्हणूनच पुढच्या वेळी या नाट्यगृहाची बातमी शेअर कराल, तेव्हा त्यातलं नाव कुणाचं, हेही सोबत सांगा.