तिथी पाहून उडणारे रोहित

ठाण्याच्या खाडीतले रोहित, म्हणजे आपले फ्लेमिंगो, सूर्याच्या वेळेने दिवस आखत नाहीत. ओहोटी लागून खाडीचा काळा चिखल उघडा पडला की ते चरायला उतरतात, मग पहाटेचे तीन वाजलेले असोत की भर दुपार. पाणी चढू लागले की पावलापावलाने काठाकडे सरकतात आणि पाय टेकेनासे झाले की थवेच्या थवे उठतात. त्यांचे वेळापत्रक चंद्र ठरवतो.

हे वेळापत्रक तुम्हालाही घरबसल्या काढता येईल. कोकणच्या किनाऱ्यावर त्यासाठी जुना हिशोब आहे : तिथीची पाऊणपट करा. आज चतुर्थी असेल तर भरती पूर्ण होणार साधारण तीन वाजता, अष्टमी असेल तर सहाला. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचे. भरतीनंतर सहा तासांनी सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. पौर्णिमा-अमावस्येला उधाण येते, अष्टमीच्या सुमारास भांगाचे पाणी असते आणि ते फारसे चढत नाही. होडी पाण्यात कधी लोटायची हे ज्या हिशोबावर ठरत आले, त्याच हिशोबावर हजारो पक्षी खाडी ओलांडतात. मला या गोष्टीचे आश्चर्य अजून ओसरलेले नाही.

चिखलात ते नेमके काय करतात, हे तर त्याहून नवलाचे. रोहित चोच उलटी करून खातो. डोके खाली, वरची चोच तळाशी. जीभ मागेपुढे करून तो पाणी आत ओढतो आणि बाहेर ढकलतो. चोचीच्या कडांना असलेल्या बारीक पट्ट्यांत अन्न अडकते. आपल्याकडे दोन जाती येतात. मोठ्या रोहिताची चोच गुलाबी आणि टोकाला काळी. तो चिखलातले छोटे जीव टिपतो. धाकट्याची चोच गडद, काळपट तांबडी आणि गाळणी इतकी बारीक की सूक्ष्म शेवाळही सुटत नाही. ठाण्याच्या खाडीत बहुसंख्य आहेत ते हे धाकटे. चिली देशात आढळणाऱ्या जातीवर झालेले एक संशोधन २०२५ साली प्रसिद्ध झाले. पाय आपटून आणि डोके झटक्याने वर उचलून हे पक्षी पाण्यात चक्क भोवरे तयार करतात आणि भक्ष्य त्यांत खेचून घेतात, असे त्यात दिसले. आपण ज्याला शांतपणे चरणे समजत होतो, ते असे आहे!

गुलाबी रंगही अन्नातूनच येतो. पिल्लू राखाडी असते. शेवाळातली आणि छोट्या जीवांतली रंगद्रव्ये अंगात मुरत गेली की पिसे रंगतात. आणि खाडीत एवढे शेवाळ का? मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईच्या सांडपाण्यातले नायट्रेट आणि फॉस्फेट त्याला पोसतात, हे त्यामागचे एक मोठे कारण मानले जाते. म्हणून सांडपाण्याचे समर्थन मात्र कोणी करू नये. त्याच पाण्याबरोबर कारखान्यांचे जड धातूही गाळात उतरतात.

नव्वदच्या दशकात शिवडीच्या चिखलावर हे पक्षी मोठ्या संख्येने दिसू लागले. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांनी मोजदाद केली तेव्हा आकडा लाखावर गेला. २०१५ साली खाडीचा सुमारे १,६९० हेक्टर भाग अभयारण्य झाला, २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला.

पण इथेच खरी गोम आहे. अभयारण्यात चिखल आहे, तिवरे आहेत. मात्र भरतीत चिखल बुडाल्यावर या पक्ष्यांना टेकायला उथळ पाणथळी लागतात, आणि त्यांतल्या कितीतरी अभयारण्याच्या सीमेबाहेर आहेत. नेरूळचे डीपीएस तळे, तिथून जवळच्या एनआरआय आणि चाणक्य पाणथळी, उरणकडची पाणजे. जेवणाची जागा राखली आणि विसाव्याची सोडून दिली, तर पक्षी राहणार कुठे?

२०२४ मध्ये डीपीएस तळ्यात भरतीचे पाणी येण्याचे मार्ग बुजले होते. तळे आटले, काही रोहित मेले. रहिवासी आणि पर्यावरणप्रेमी तळ्याकाठी उभे राहिले, तक्रारींवर तक्रारी करत राहिले. अखेर २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने या तळ्याला संवर्धन राखीव क्षेत्र करण्यास मंजुरी दिली. हे श्रेय मी आधी त्या रहिवाशांना देईन.

त्याच २०२४ सालच्या २० मे रोजी रात्री घाटकोपरवरून उतरणाऱ्या विमानाला रोहितांचा थवा धडकला आणि पस्तीसहून अधिक पक्षी मेले. त्या दिवशी द्वादशी होती. पाऊणपट करून पाहा : नऊ. अपघात झाला तेव्हा, रात्री नऊच्या सुमारास, या हिशोबाने खाडीत भरती पूर्ण होत आली होती. म्हणजे ही वेळ चिखल सोडून दुसरीकडे जाण्याची. खाडीभोवतीच्या आकाशाचा आणि जमिनीचा कोणताही आराखडा करताना हे गणित समोर असायलाच हवे.

ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून निघणाऱ्या बोटींना हे गणित पाळावेच लागते. त्यांच्या फेऱ्या भरती-ओहोटी बघून ठरतात. मुले तिथे जातात, दुर्बिणीतून चोच पाहतात, आणि घरी येऊन कालनिर्णयमधली तिथी शोधतात, तेव्हा संवर्धनाचे अर्धे काम झालेले असते असे मला वाटते.

नोव्हेंबर-डिसेंबर ते मे या काळात तुम्हीही जा. आधी पाऊणपट करा आणि भरतीच्या वेळी जवळच्या पाणथळीवर उभे राहा. पक्षी दिसले तर संख्या, तारीख, वेळ ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदवा. आणि भरती असूनही तळ्यात पाणी आत येत नसेल, तर बुजलेल्या तोंडाचा फोटो काढून वनविभागाच्या कांदळवन कक्षाला त्याच दिवशी कळवा.